बिडाची चौकट

केसरीनाथ : लूमच्या चौकटीवरची राख कुनी सारली, भाभी? मी काल पितळ भरून तडा जोडला तवा सांगून गेलतो ना, राखेखाली हळूहळू थंड व्हऊ दे, सकाळी मी येईपर्यंत हात लावायचा न्हाय.

जुबैदा : मीच सारली. आधी पाणी टाकलं, मग सारली.

केसरीनाथ : पानी.

जुबैदा : एक बादली. काल असरच्या नमाजाच्या सुमाराला, दिवस कलताना. लूमखाली रुई धुमसायला लागली होती, केसरीनाथभाऊ. धूर वर यायला लागला.

केसरीनाथ : रुई दोन बोटं जळली असती न इझली असती. खालची जमीन मी झाडून, ओली करून घेतलती.

जुबैदा : तुम्ही तिकडे वळ गावात मोकळ्यात राहता. इथे निजामपुऱ्यात भिंतीला भिंत आहे. माझ्या दिराचा अख्खा कारखाना अशाच धुराने गेला. धूर दिसला की माझा हात बादलीकडे जातो. डोकं मागाहून येतं.

केसरीनाथ : आवाज आला आसंल.

जुबैदा : आला. टण्ण करून. बादली हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

केसरीनाथ : घरात बिडाचा तवा हाय ना तुमच्या?

जुबैदा : आहे की. घावन त्याच्यावरच करते. गरम तव्याला पाण्याचा थेंब लागला तर पोरींना ओरडते. ते काय मला शिकवताय?

केसरीनाथ : मंग ही चौकट काय येगळी हाय? त्येच बीड. लोखंड वितळवून साच्यात वततात, त्याला बीड म्हनतात.

जुबैदा : काल तुम्ही सांगितलं होतं, आणि मला कळलंही होतं. पण तवा केवढा, ही मशीन केवढी. घाबरल्यावर माणूस कुठे बघतो कशाचं बनलंय ते?

केसरीनाथ : तितंच सगळे फसतात. नुस्तं लोखंड म्हनतात न मोकळे व्हतात. घडीव लोखंड मार खाऊन वाकतं, परत ठोकून सरळ व्हतं. बीड पन्नास वर्सं वजन पेलंल, पन वाकनार न्हाय. थंडी-गरमी एकदम लागली का संपलं. हे बघा, तुटल्या जागी राखाडी दाना दिसतो. जरा जरी वाकलं असतं तर मी कायतरी केलं असतं.

जुबैदा : परत तापवा. परत पितळ भरा.

केसरीनाथ : कशात भरू? माझा जोड हाय तसाच हाय. तडा त्याच्या बाजूनं वर गेलाय, पार शाफ्ट फिरतो त्या भोकापर्यंत. लूम चालू केला तर तुकडा सुटून कुनाच्या तरी पायावर पडंल. चौकट भाएर काढून अंगनात तापवूया म्हनत व्हतो मी.

जुबैदा : त्यासाठी शेठच्या सुताने भरलेला बीम उतरवावा लागला असता. दोन दिवस गेले असते. शुक्रवारी कापड उतरलं नाही तर शेठ सूत परत नेणार. एकच लूम उरलेल्याला पुन्हा सूत कोण देतं? दुसरी चौकट नाही का मिळणार कुठे?

केसरीनाथ : जिनं वतली ती फौंड्री कवाच बंद पडली. तुमचेच आनखी अकरा लूम व्हते याच जातीचे.

जुबैदा : आमचे हे दवाखान्यात होते तेव्हा मीच विकले. भंगारवाला म्हणाला, सगळं देणार असाल तर उचलतो. इथेच घणाने फोडून टेम्पोत भरलं.

केसरीनाथ : एक चौकट ठेवा म्हनलो व्हतो.

जुबैदा : म्हणाला होता. ऐकलं नाही मी. आता त्यांना काय सांगू? अर्धं अंग गेल्यापासून माणूस या लूमपाशी बसूनच दिवस काढतोय. एका हाताने तुटलेला धागा जोडतात. लूम बंद असला तर जेवतही नाहीत नीट.

केसरीनाथ : मी सांगतो. जोड कच्चा पडला म्हनतो.

जुबैदा : चाळीस वर्षांत तुमचा एक जोड सुटला नाही म्हणतात सगळे.

केसरीनाथ : म्हनू दे आता येगळं. तसंबी जोडायला लूम ऱ्हायलेत किती?

(आतल्या खोलीतून जुबैदाचा नवरा खलील काठी टेकत येतो.)

खलील : आवाज का नाही येत? चालू नाही केला?

केसरीनाथ : खलीलभाई, चूक माझी हाय. जोड कच्चा पडला.

खलील : सरक जरा. बघू दे. पितळ तर जागेवर आहे.

केसरीनाथ : आतून सुटलंय.

खलील : केसरी, मी पंधरा वर्षांचा असल्यापासून या लूमांवर आहे. जोड शाबूत आणि तडा शेजारून. पाणी कुणी टाकलं?

जुबैदा : मी.

खलील : आग लागली होती?

जुबैदा : धूर होता. लागेल असं वाटलं.

खलील : मग ठीक केलंस.

जुबैदा : ठीक काय केलं? तुमचा शेवटचा लूम होता तो. मला शिव्या तरी द्या.

खलील : हात चालता असता तर मीही बादलीच उचलली असती.

केसरीनाथ : गोदामांच्या मागं भंगाराची वखार हाय, तिथं एक चक्कर मारतो.

खलील : तिथे अख्खी चौकट कोण ठेवतं? तुला माहीत आहे.

केसरीनाथ : माहीत हाय.

खलील : जुबैदा, शेठला फोन कर, बीम घेऊन जा म्हणावं. मग भंगारवाल्याला. आणि तो येईल त्या दिवशी आपण दोघं मुलीकडे जाऊ, रमशाकडे. बीड फुटतानाचा आवाज मला ऐकवणार नाही.

जुबैदा : तुम्हाला पोचवते. रिक्षा दारात बोलावते.

खलील : आणि तू?

जुबैदा : फोडणाऱ्यांना दार उघडायला कुणीतरी लागेल ना.