कुबातदादा जेवला

मेलेला माणूस जेवतो का हो? नाही, हसू नका, सरळ सांगा... मुल्लांना विचारलं, ते म्हणाले, "चहा घे." चुलतबहीण झान्यल नारिन शहरात मोबाइलच्या दुकानात आहे, तिला विचारलं, तर म्हणे, "तुला यातलं काय कळतं?" नाही कळत बाई! पण केलं कुणी? कुबातदादा मॉस्कोत इमारतीवरून पडला, बंद पेटीतून घरी आला, मी स्वतः माती लोटली, आणि आईचं रडणं थांबेना म्हणून या झान्यलनंच दादाचे जुने व्हॉइस मेसेज त्या माणसाचा आवाज काढणाऱ्या एआय मशीनला पाजले, अन् दादा फोनमधून बोलायला लागला!

आता तुम्हाला सांगतो, दादा मॉस्कोहून काय पाठवायचा? तापानं फणफणलेला असो, उपाशी असो, एकच... "आई, मी ठीक आहे, जेवलो." मशीनही तेच शिकलं, वर कशालाही हो म्हणतं. आई विचारते, "थंडी वाजते का रे?" "थोडी. मी ठीक आहे, जेवलो." झालं! रडणं बंद. आई म्हणे, पेटीत दुसराच कुणी होता, दादा मॉस्कोतच आहे!

आमच्याकडे शुक्रवारी मेलेल्यांसाठी कणकेचे बोरसोक तळतात; तेलाचा वास त्यांच्यापर्यंत जातो, तेच त्यांचं जेवण. आई म्हणते, "जित्या पोराच्या नावानं तेल तापवू? तोंड आवर, सुयून!" म्हणजे फोनमधला जेवतो आणि कबरीतला उपाशी! मला तर रडूही येत नाही... दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसा अख्खा मी.

मग या शुक्रवारी मीच कढई चढवली. आई धावत आली, फोन छातीशी. "कोण मेलं रे?" मी पहिला बोरसोक तेलात सोडला. मला खोटं पाडायला तिनं फोनच कढईवर धरला. "कुबात, सांग या गाढवाला, येतोय का तुला हा वास?" आणि ते मशीन, ते कुणाचं मन मोडेल?

"हो आई, मस्त येतोय. मी ठीक आहे, जेवलो."

आईचा हात तसाच राहिला. मॉस्कोपर्यंत तेलाचा वास जात नाही हो... कुणापर्यंत जातो, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! मटकन खाली बसली, आणि असा हंबरडा फोडला की शेजाऱ्यांची गाय ओरडायला लागली. फोन आपला विचारतोय, "आई, काय झालं? मी ठीक आहे..."

मी काय करणार? तिला धरवेना, त्याला बंद करवेना... तेल तापलेलं होतं. उरलेले बोरसोक तळून काढले.