बाबांच्या जागी

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक बाई बसल्या होत्या. मधल्या स्टॉपला सॅक्सोफोनची पेटी सांभाळत त्यांचा भाऊ चढला.

"अरे, तू या बसला कसा?"

"ताई, माझं डोकंच चालेनासं झालंय. आज दुपारचा हॉटेलातला कार्यक्रम मी मित्राला दिला होता."

"मग?"

"त्याला ऐन वेळी तालीम निघाली, म्हणून त्याने तिसऱ्यालाच दिला. त्या तिसऱ्याचा सकाळी मला फोन, बदली वाजवशील का म्हणून."

"आणि तू हो म्हणालास?"

"सवयीने. पत्ता आल्यावर कळलं, हा तर माझाच कार्यक्रम!"

"म्हणजे तू तुझ्याच जागी बदली चाललायस? धन्य आहेस!"

"पण मी तो सोडला कशाला होता, तेच आठवत नाहीये. वहीत आजच्या दुपारवर नुसती फुली आहे."

"आज तुझ्या लेकीचं शाळेत पहिलं वादन आहे."

"बाप रे! थांब, हॉटेलात माझ्या जागी कोणालातरी पाठवतो."

"राहू दे. तिने कालच मला फोन केलाय. म्हणाली, आत्या, बाबांच्या जागी तू ये."