आमचे हे वाळले

येडशीच्या ठेसनावर बानूबाई बारशीच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी धाराशिवच्या दोघीजणी बोलत होत्या, आणि बानूबाईचे कान मुळातच तिखट.

"शांतम्मे, तुझे हे लई वाळले हुते. आता कसं हाय?"

"आता बरं हाय, गंगम्मा. सांज-सकाळ घागरभर पाणी ओतलं, बुडात शेणखत घातलं."

बानूबाईला राहवेना. "अगं माय! नवऱ्याच्या बुडात शेणखत?"

"नवरा न्हवं वो, मावशी! लिंबाचं झाड. आमच्या गल्लीनं मिळून दारोदार लिंबं लावली. ज्याचं दार, त्या घरधन्याचं नाव झाडाला."

"अन् ही धन्याचं नाव घेत न्हाय. मग झाड बी 'आमचे हे'!" गंगम्मानं सांगितलं.

"लाजून कुठं भागलं, गंगम्मा? परवा निजामाच्या पोलिसातल्या अमीनसाहेबाची शेळी आली की. तिला हाकलायची कुणाची छाती? तिनं शेंड्यालाच तोंड घातलं. माजे हात पिठात. म्या वरडले, 'धावा, धावा! शेळीनं सिद्धलिंगाला खाल्लं!'"

"भर गल्लीत? नाव घिऊन?"

"व्हय की! हे पारावरनं धावतच आले."

"मग हाकलली का शेळी?" बानूबाईनं विचारलं.

"शेळी ऱ्हायली बाजूला, मावशी. माज्या तोंडाकडं बघत उभे ऱ्हायले, अन् म्हणत्यात, 'परत एकदा म्हण की.'"