कपाटाची किल्ली

मानसोपचारतज्ज्ञांच्या दाराबाहेर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. त्यांची मुलगी आत होती.

"डॉक्टरांनी बंदुकीचं विचारलं तर?"

"कपाटात आहे, कुलूप घातलंय म्हणून सांग. एवढी वर्षं रखवालदारी करतोय, मला नको शिकवू."

"आणि किल्ली? मागे हरवलीत तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंत."

"म्हणून तर या खेपेला नीट सांभाळणाऱ्या माणसाकडे दिलीय."

"कुणाकडे?"

"आपल्या पोरीकडे. तिच्या हातून आजवर साधं खोडरबर हरवलं नाही."

"अहो, ती जगायचं नाही म्हणतेय!"

"विश्वास टाकला की माणूस सावरतं गं."

दार उघडलं. मुलगी बाहेर आली.

"बाळा, बाबांनी दिलेली किल्ली कुठंय?"

"हरवली, आई."