दुसऱ्या खेपेला वाजणारा भोंगा

आजच्या या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय दुलीचंदजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या खदानीचे आदरणीय वीरेंद्र साहेब, आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष गोदाबाई, आणि खदान कॉलनीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली घरातली बाई. मंडळाचा हिशेब ठेवते, म्हणून गोदाबाई म्हणाल्या, "दोन शब्द तुम्हीच बोला." माइकवर बोलाची सवय नाही, तेवढं सांभाळून घ्या.

साहेबांचे गुण किती सांगावे? कॉलनीच्या नळाला पाणी आणलं. गणपतीच्या आरतीला कधी चुकले नाहीत. आमच्या सूनबाईला, दीपिकाला, त्यांनीच खदानीच्या ऑफिसात कामावर घेतलं. साहेब, हार घरच्या झेंडूचा आहे. विकतच्याला खर्च कशाला?

तर दीपिका करते काय, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. खदानीत पाणी चढलं की भोंगा वाजवणारा एक डबा बसणार आहे. त्या डब्याचा प्रोग्राम बांधून देणारं एक अवजार कंप्युटरात असते. ते बरोबर बांधते का, हे ती तपासते. खरा डबा समोर नसतोच. कंप्युटरातच एक मानलेला डबा उभा करतात, अन् त्याची परीक्षा आपोआप चालते. मी म्हटलं, "म्हणजे सुपारीचा गणपतीच की!" ती हसली. "हौ आई, तसंच समजा." सुपारीत आपण देव मानतोच. त्यात वाईट काय?

पण मागच्या आठवड्यात पोरगी जेवेना. विचारलं तर म्हणे, "आई, अवजार नवीन आलं तेव्हापासून एक परीक्षा कधी पास होते, कधी नापास. मानलेलं पाणी चढते अन् भोंगा वाजतच नाही."

"मग साहेबाले सांग ना!"

"सांगतलं. म्हणाले, दोबारा चलाओ, पास हो जाता है. आता नापास झाली की आपोआपच पुन्हा चालते. शेवटी हिरवंच, म्हणजे पासच, दिसते."

दीपिका, मले खुणा नको करू. एकदा उभी राह्यली, आता बोलू दे.

साहेब, तुमचा मान मोठा. पण एकच बेरीज दोनदा केली अन् दोन उत्तरं आली, तर मनासारखं उत्तर ठेवून उठता येते का? सोमवारी डबा बसणार. पाण्यावर नजर ठेवून शिट्टी मारणारे आपले भैयालालभाऊ त्याच दिवशी ते काम सोडून वर येणार. अन् पहिल्या पाळीले माझा पवन खाली आहे. तुमच्यापैकी कितीजणींचे खाली आहेत! तिथं भोंगा नाही वाजला, तर दोबारा कोण चालवंल?

मले भेव लागते. पोराची अन् सुनेची, दोघांची रोजी याच खदानीवर, म्हणून बोलाचं भेव लागते. न बोलाचं त्याहून जास्त लागते. आज सकाळी सुपारीवर अक्षता टाकताना हात थांबला माझा. देवावरचा विश्वास गेला नाही, पण मागावं काय, तेच सुचेना.

म्हणून तुमच्याकडे मागते. परीक्षा काहून नापास होते ते सापडेपर्यंत डबा बसवू नका, अन् भैयालालभाऊले खालीच राहू द्या. जायच्या आधी एवढं बोलून जा.

मान हलवली? मान मागच्या रांगेले दिसत नाही, साहेब. हा घ्या माइक.

…ऐकलं ना सगळ्यांनी? "भैयालाल नीचे ही रहेगा." अन् डब्याचं? "देखेंगे" म्हणाले. बरं. शिट्टी तर राह्यली.

दुलीचंदजी, मला बोलू दिलं, आपले आभार. गोदाबाई, हार तुम्हीच घाला, मान तुमचा. मोठ्यांपुढे कमीजास्त बोलली असंन तर पोटात घाला. अन् साहेब, राग आला असंल तर माझ्यावर धरा. दीपिकावर नको.