पहिल्या वर्षाचं पाणी

ताई: पुन्हा मोज.

धाकटा: तीनदा मोजल्या, ताई. दहाच आहेत.

ताई: अकरा वर्षांच्या अकरा फाइली होत्या. दर सोमवारी वस्तीच्या विहिरीत दोर सोडून पाणी मी मोजलंय, आणि तू मला शिकवतोस?

धाकटा: होत्या गं. म्हणजे... सगळ्या एकत्र दाबून एकच फाइल करायची होती ना, वकीलबाईंना पाठवायला? ते मी माउसने नाही केलं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप केली.

ताई: का? माउसला काय काटे होते?

धाकटा: सवय. त्यात आधी गठ्ठ्याचं नाव लिहायचं असतं, मग आत भरायच्या फाइली. मी घाईत गठ्ठ्याचं नावच लिहिलं नाही.

ताई: मग त्याने विचारायचं ना, बाबा रे, नाव काय ठेवू?

धाकटा: कॉम्प्युटर विचारत नाही. यादीतली पहिली फाइल हाच गठ्ठा, असं त्याने धरलं. तिच्यातलं सगळं पुसलं आणि त्या जागी बाकीच्या दहा भरल्या.

ताई: पहिली म्हणजे?

धाकटा: पहिल्या वर्षाची.

ताई: अरे देवा!

(ताई खुर्ची ओढते, पण बसत नाही.)

ताई: अरे, कारखाना दुसऱ्या वर्षी आला. त्याच्या आधी विहिरीत पाणी किती होतं, हे सांगणारी तेवढी एकच फाइल! आता पाणी कशापेक्षा खाली गेलं म्हणून सांगू?

धाकटा: वही असेल ना?

ताई: बाकी दहा वर्षांच्या आहेत. त्या वर्षीच्या वहीला वाळवी लागली. म्हणून तर महिनाभर भिंग लावून एकेक आकडा टाइप केला आणि उरलेला भुगा टाकून दिला. तू प्रत काढली असशील की!

धाकटा: नाही. थेट तुझ्या पेनड्राइव्हवरच काम केलं. पुसलेलं परत मिळवायचा प्रोग्रॅमही चालवून पाहिला. काही हाती लागलं नाही.

ताई: वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसतोस, आणि हे? साडेअकराला कारखान्याविरुद्ध सुनावणी आहे.

धाकटा: एक सुचवू? रागावू नकोस. दुसऱ्या वर्षाचे आकडे घेऊ, प्रत्येकात सात-आठ फूट वाढवू. साधारण तेवढंच होतं ना? कुणाला कळणार आहे?

ताई: काय म्हणालास?

धाकटा: तुझ्यासाठीच म्हणतोय गं.

ताई: अंगात ताप असताना गेलेय मी त्या विहिरीवर. एका सोमवारी नाहीच जमलं, तर ती ओळ रिकामी ठेवली, अंदाजाने भरली नाही. आणि तू अख्खं वर्ष भरायला निघालास? फाइल गेली तेव्हा नुसता धक्का बसला होता. आत्ता मला तुझी भीती वाटली.

धाकटा: मग हरशील तू. सगळी वस्ती हरेल.

ताई: हरू कदाचित. दहा वर्षांच्या वह्या मी मांडीन.

धाकटा: आणि पहिल्या वर्षाचं विचारलं तर?

ताई: ते तू सांगायचंस. आत्ता मला सांगितलंस तसंच, पहिल्यापासून.

धाकटा: सगळ्या वस्तीसमोर? ताई, लोक माझं तोंड बघणार नाहीत पुन्हा.

ताई: शर्ट बदल. वीस मिनिटांत निघायचंय.