पुढचं डावं चाक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सरपंच रखमाजीभाऊ, व्यासपीठावरचे मान्यवर, शिक्षक मंडळी, तळेघर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या माझ्या बंधूंनो, माता-भगिनींनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती उज्ज्वलाबाई, ज्यांच्यासमोर घरी मला सलग पाच मिनिटं बोलायला मिळत नाही, आपणा सर्वांना या चांगदेवचा नमस्कार.

बाई आज सेवानिवृत्त होत आहेत. बावीस वर्षं याच शाळेत. त्यांच्या शिकवण्याविषयी मी पामरानं काय बोलावं? मी पडलो नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आडत करणारा माणूस. नवरा म्हणून अधिकारानं बोलता येईल अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, ती म्हणजे बाईंचं ड्रायव्हिंग. हसू नका, राव. बाई, तुम्हीही डोळे वटारू नका. हार तुमच्या गळ्यात असला तरी माईक माझ्या हातात आहे.

सहा वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली. बाईंना रोज घाट चढून यायचं, म्हणून ती त्यांच्याकडेच असायची. माझी अट एकच, गाडीत परकं माणूस बसवायचं नाही. सीटकव्हर पांढरी आहेत ना! बाई 'बरं' म्हणाल्या. दर रविवारी ती कव्हरं धुवायच्या. मी सगळ्यांना सांगायचो, काय टापटीप आहे आमच्या घरात!

आता मला सांगा, पुढची दोन चाकं. टायर एकाच दिवशी घातलेले, एकाच रस्त्यावर पळणारे. उजवा ठणठणीत, आणि डावा आतल्या बाजूनं पार गुळगुळीत, तार दिसायला लागलेली. असं कसं होईल? गाडी आळेफाट्याला भागू मिस्त्रीकडं नेली. त्यानं अलाईनमेंट केली, टायर बदलला. आठ महिन्यांत पुन्हा तेच! तिसऱ्या वेळी भागू चाकाजवळ उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, ह्यो कडंला घासतोय. गाडी डांबर सोडून खाली उतरती आन् परत वर चढती. येकदा-दोनदा न्हाई, रोज. चालवतंय कोन?"

चालवतंय कोण, ते त्याला सांगितलं नाही. घरी येऊन तावातावानं बाईंवर घसरलो. "इतकी वर्षं झाली तरी तुला गाडी रस्त्यावर ठेवता येईना? दरीत जाशील एखाद्या दिवशी. आण ती किल्ली इकडं." बाईंनी किल्ली दिली. चार महिने झाले, त्या एसटीनं, जीपनं आणि उरलेलं पायी येतायत.

पण खरं सांगू? माझं डोकं काही चालेना. बाईंच्या शेजारी बसून मी पाहिलंय, गाडी सुतासारखी सरळ चालवतात. मग डाव्या अंगालाच का उतरतात? शिवाय बाई जायच्या एकट्या, तरी पुढची डावी सीट कायम मागं सरकवलेली. एकदा त्या सीटखाली मूठभर हिरडा सापडला, खोकल्यावर चघळतात तो. मला वाटलं, बाईंना खोकला झाला असणार, लपवतायत. मी रोज सकाळी काढा करून द्यायला लागलो. त्यांनी तो पंधरा दिवस निमूट घेतला!

असो. आज बाई तयारीसाठी सकाळीच पुढं आल्या. मी गाडी घेऊन एकटाच मागून निघालो. आणि काय सांगू, काय या भागातलं प्रेम! घोडेगाव सोडल्यावर वळणावळणावर माणसं उभी राहून मला हात करतायत. अगदी म्हाताऱ्या बायासुद्धा. बाईंच्या यजमानांचा एवढा मान? माझा ऊर भरून आला. मीही काच खाली केली, प्रत्येकाला हात हलवला आणि...

कोण बोलतंय दारात? सखूबाई नाव का? या, आत्ता पोचताय होय? किती दमलात! बसा खुर्चीवर. काय म्हणता? जरा मोठ्यानं सांगा.

माफ करा अध्यक्षमहाराज, पुढच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. सखूबाई म्हणतात, "आमी हात केला, तर तुमीबी हात करून निघून गेला! बाई असल्या की गाडी थांबायची. चार महिनं झालं, दिसली न्हाई. आमाला वाटलं, इकली. आज दिसली, तर ही तऱ्हा."

थांबायची? म्हणजे डांबर सोडून खाली उतरायची. आणि तुम्हाला घेऊन परत वर चढायची.

थांबा जरा. मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. माझ्या गाडीत कोण कोण बसलंय? हात वर करा बरं.

अरे देवा! रखमाजीभाऊ, तुम्ही अध्यक्ष ना? तुम्हीपण?

सखूबाई, तुम्ही कितीदा? दर सोमवारी, इथल्या दवाखान्यात गुडघे दाखवायला. आणि हे चार महिने? चालत. त्या गुडघ्यांनी.

बाई, मला सांगितलं का नाहीत? काय? "सांगितलं असतं, तर तुम्ही बंद केलं असतं." हो, केलं असतं. आणि न सांगताही बंद केलंच मी. उज्ज्वला, मला लाज वाटते गं. चारचौघांत सांगतो, मी चुकलो. पण हिरडा यांच्या पिशव्यांतला होता, तर मग तो काढा तू कशाला प्यायलीस?

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, जेवणाची पंगत माझ्यापायी खोळंबली, सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल ते पोटात घाला. सकाळी न थांबता निघून गेलो, ते मात्र पोटात घालू नका, माझ्या तोंडावर बोला.

बाई, ही किल्ली. सगळ्यांदेखत देतोय, म्हणजे परत मागता यायची नाही. जाताना तुम्हीच चालवा, मी मागं बसतो. पुढची सीट सखूबाईंची. आणि मंडळी, बाई निवृत्त झाल्या तरी दर सोमवारी आम्ही वर येऊ. गाडी दिसली की हात करा. मी चालवत असलो, तरी करा.